लासुर्ण्याचा मुका हेडफोन
नव्या सीडी प्लेअरसाठी मी लासुर्ण्याच्या लाउडस्पीकरवाल्या तात्यांकडून जुना, जाडजूड हेडफोन घेतला. आवाज पूर्ण वाढवला, तरी कानात डास गुणगुणावा तेवढंच गाणं! तात्यांनी आतला चांगला माल काढून घेतला, अशी माझी खात्री पटली. प्लेअर आणि हेडफोन पिशवीत, स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून त्यांचं दार गाठलं.

“तात्या, आत काय हाय, का नुसतं टरफल दिलंय?”

“उघडून बघ की, फौजदार!” म्हणत त्यांनी प्लेअर आणि हेडफोनच्या मध्ये छोटा ॲम्प्लिफायर जोडला. “ह्या हेडफोनला जोर लागतो. तुझ्या प्लेअरात तेवढा न्हाय.”

सनई अशी घुमली की मी खुर्चीतून उडालो. ॲम्प्लिफायरही विकत घेतला. बारामतीच्या एसटीत बसल्यावर मात्र शंका आली: हेडफोन विकताना तात्या हे का बोलले नाहीत?