ताईंनी नापसंत केलेली दुकानं

अकोल्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या घाईत होते. "मामी, आई गेली," एवढंच तो बोलला. विमलताई, माझ्या थोरल्या नणंदबाई, झोपेतच गेल्या... आदल्या संध्याकाळी तर त्यांनी मला फोनवर चांगलं झापलं होतं, लोणच्याची बरणी परत केली नाही म्हणून. आता काही आठवडे झालेत. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांनी जमवलेल्या सोयरिकींबद्दल बोलतो. मला मात्र त्या आठवतात त्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात, डोक्यावर पदर घेऊन कोणाच्या तरी गाडीवर हात फिरवताना.

काही वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी कौंडण्यपूरहून परत येत होतो. गाडी मी चालवत होते. वळणावर समोरून कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची, ट्रॉली आली आणि आमच्या गाडीचा उजवा भाग पार चेपला. आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मला गाडीत बसवेना, दार उघडलं तरी ते तसंच लावून मी घरात परत यायचे. घरात सगळे म्हणाले, आता पुरे. आमचे हे म्हणाले, दुरुस्त करू आणि विकून टाकू. मी शिकवते ती शाळा आडगावात. गाडी शिकले तेव्हा कुठे एसटीची वाट पाहणं सुटलं होतं. ते पुन्हा नशिबी येणार हे दिसत होतं.

"गाडी कोठं टाकाची ते मी पाह्यतो," ताई म्हणाल्या आणि राजापेठेत आमच्याकडेच मुक्काम ठोकला. यांना हसू आलं. ताईंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलगी द्यायच्या आधी स्थळाची चौकशी कशी करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तशीच त्यांनी ती मांडली. रोज दुपारी ऑटो करून आम्ही एकेका दुकानात जायचो. आधी शेजारच्या चहावाल्याकडे बसायचं. इथं भांडायला कोण येते, बोलल्या दिवशी गाडी मिळते का, हे विचारायचं. मग आत शिरायचं.

त्या दुपारी आता मला झोपेत पाहिल्यासारख्या वाटतात... पत्र्याच्या शेडमध्ये पिवळं ऊन, हवेत पुट्टीची पांढरी भुकटी, ओल्या रंगाचा गोडसर वास आणि कुठून तरी हातोडीचा मंद आवाज. तयार झालेल्या गाड्या कडेला चुपचाप उभ्या. ताई रंग सावलीत पाहायच्या, मग मालकाला गाडी उन्हात काढायला लावून पाहायच्या. मग मला म्हणायच्या, "बस ना आत. दार लावून पाह्य, आवाज कसा येते."

"तुमीच बसा ना, ताई."

"मले काय समजते त्यातलं? तू चालवतं."

नाइलाजानं मी बसायचे. पहिल्यांदा दार लावलं तेव्हा घामानं भिजले होते. ताई खिडकीशी उभ्या राहून माझ्याशी भलतंच काहीतरी बोलत राहायच्या, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या पोराचं. आणि शेवटी दुकान नापसंत. हा लय गोड बोलते. याच्या दाराची फट सारखी नाई. यानं रंगाच्या डब्याजोळ बिडी पेटवली. असल्या कटकट्या बाईसोबत उन्हात फिरून माझं डोकं उठायचं.

एका दुपारी बडनेरा रोडवरच्या दुकानात मालकानं नुकत्याच झालेल्या गाडीची चावी माझ्या हातात दिली. "फाटकापर्यंत नेऊन पाहा, मॅडम." ताई न विचारता शेजारी येऊन बसल्या. मी गाडी फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. कशी, ते मला आजही नीट आठवत नाही, चाकांखाली जमीन नसल्यासारखं वाटत होतं. ताई उतरल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "आपली गाडी इथंच टाकाची." आमची गाडी तिथंच झाली, विकली गेली नाही, आणि मी पुन्हा शाळेत गाडीनं जाऊ लागले.

परवा दाराचं रबर सुटलं म्हणून त्याच दुकानात गेले. मालकानं विचारलं, "आक्का नाई आल्या?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, मला स्टूल पुढे केलं. मग म्हणाले, "तुमाले सांगू नका म्हणत होत्या. तुमाले आणाच्या पयले त्या एकट्या येऊन सारं ठरवून गेल्या होत्या. म्हणे, वहिनी गाडी हाती घेईन तवाच आमची गाडी आणतो, तोवर तिले शहरातली सारी दुकानं दाखवतो."

मी त्या स्टुलावर बसून रडले. रागही आला. उन्हातान्हात मला फिरवलंत आणि शेवटपर्यंत एका शब्दानं बोलला नाहीत, ताई... आता भांडू कोणाशी?

हल्ली सिग्नलला शेजारी एखादी जुनी गाडी उभी राहिली की मी तिच्याकडे पाहत बसते. या गावातल्या कितीतरी अनोळखी लोकांच्या गाड्यांत मी बसून आले आहे. वाटतं, ही त्यांतलीच असेल. मागचे हॉर्न वाजवतात, मग मी निघते.