धुतलेलं मांजरपाट

यंदा आमचं नोएडाचं मराठी मंडळ नीलाला शाल-श्रीफळ देणार आहे. तिचा परिचय मी लिहायचा असं ठरलं, कारण मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणे! मला ती कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्हा दोघींचे वडील केंद्र सरकारात कारकून. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत एकाच जिन्यावर वाढलो, एकाच गुरुजींकडे कथक शिकलो. गिरक्या माझ्या चांगल्या, असं गुरुजी म्हणत, मी नाही. हिचे हात लाकडाचे. पण हिला सगळंच हवं. कथक झालं, मग नाटकवाल्यांत घुसली, मग चित्रं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं माझी आई म्हणायची.

एक्क्याण्णवनंतर नोएडात भराभर घरं उठायला लागली. आम्ही फ्लॅट घेतला. माझे यजमान विनायक तेव्हा अंडर सेक्रेटरी. नीलानं आमच्याच सेक्टरात एका अर्धवट बांधलेल्या कोठीचं, म्हणजे बंगल्याचं, तळघर भाड्यानं घेतलं आणि मला बोलावलं. जमिनीवर तीस फूट मांजरपाट पसरलेलं. नवी नवरी माप ओलांडून घरात येते आणि जन्मभर त्याच चार भिंतींत फिरत राहते, असा तो नाच. मध्येच संवाद, मध्येच नुसतं चालणं. तळपायांना गेरू, नीळ, हळद. त्या कापडावर पहिली पावलं उमटली ती माझी, डाव्या कोपऱ्यात, गेरूची. इतकी खूश मी लग्नानंतर झालेच नव्हते.

पहिला प्रयोग बघून विनायक घरी आले आणि म्हणाले, "ऑफिसात काय सांगू? मिसेस चिखलात पाय बुडवून नाचतात? बिल्कुल नाही." मी सोडलं. नीला समजूत घालायलासुद्धा आली नाही. आठवड्याच्या आत माझ्या जागी कॉलेजातली एक मुलगी उभी केली.

ते कापड तिनं कधी धुतलं नाही. दर प्रयोगाला जुन्या पावलांवर नवी पडत. हे कापड म्हणजेच माझं काम, असं ती ज्याला त्याला सांगायची. शहाण्णव साली दिल्लीतल्या एका गॅलरीनं तिला बोलावलं. कापड उभं टांगायचं आणि त्याच्यापुढे सहा जणी नाचणार. त्याच्या आधी तिनं आमच्या गणेशोत्सवात प्रयोग केला आणि कापड हॉलमध्येच वाळत ठेवलं. जाताना म्हणाली, "विजू, याला कुणाला हात लावू देऊ नकोस."

आमच्या मंडळाची रीत अशी की कार्यक्रम आटोपला की हॉलमधल्या सगळ्या चादरी धोब्याकडे जातात, कारण पुढे सत्यनारायण असतो. चादरींचं काम माझ्याकडे. मी डाव्या कोपऱ्याशी बसून माझी पावलं शोधली. सापडली नाहीत. त्यांच्यावर कुणाकुणाच्या टाचा होत्या. मग मी ते कापड चादरींच्या गाठोड्यात बांधलं आणि धोब्याला सांगितलं, "भैया, अच्छे से रगड़ना." चुकून गेलं, असं सगळ्यांना सांगितलं. चुकून गेलं नव्हतं.

भट्टीतून पांढरंशुभ्र होऊन, खळ घालून, घडी करून आलं. नीलानं घडीवरून हात फिरवला. ती रडावी अशी माझी फार इच्छा होती.

"चुकून गेलं म्हणे," ती म्हणाली.

"हो ना."

"खोटं बोलताना तू खाली बघतेस. शाळेपासून."

एवढंच बोलून ती कापड घेऊन गेली. प्रयोग रद्द केला नाही. तेच पांढरं कापड टांगलं, आणि सहा जणी कोरड्या पायांनी त्याच्यापुढे आपली पुसली गेलेली पावलं शोधत राहिल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मागे बसले होते, माझे हात उचलेनात. तिथून तिचं नाव झालं, परदेशचे दौरे झाले, आणि ज्यांनी तिला चिखलवाली म्हटलं त्यांची ती आता आपली नीला झाली.

गॅलरीत वाटलेल्या कार्डावर सहा जणींची नावं होती. खाली आणखी एक ओळ होती: कापड धुतलं, विजयालक्ष्मी.

विनायकनी चष्मा लावून ती वाचली. "अच्छा, तुझंही नाव आलं," म्हणाले. "चलो, बरं झालं."

आयुष्यात माझं नाव छापून आलं ते तेवढंच. परिचयात ते कुठे घालायचं, हे मंडळानं सांगावं.