मांडणीवरची साडी

"आमच्याकडं आता रोज केळीच्या पानावर जेवतात," बाहेर ती बाई म्हणाली.

"रोज? घरात लग्न हाय काय गो?" हवालदार काकांनी कागदावरून मान न उचलता विचारलं.

"लग्न कुठला. ताटा सगळी घरात हायत. पण काढायची सोय नाय."

ठाण्यात सकाळची हजेरी आटोपली होती. मी आतल्या टेबलाशी डायरी लिहीत बसले होते. बाई आली होती जप्त केलेल्या गाडीची चौकशी करायला. गाडी नवऱ्याच्या नावावर, म्हणून काकांनी नवरा का आला नाही असं विचारलं. तो घराबाहेर पडत नाही, म्हणाली. आणि मग पानाचं ते वाक्य, जाता जाता.

निवृत्त अधिकाऱ्यांकडे सांगायला तीस-तीस वर्षांची प्रकरणं असतात. मी महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात उपनिरीक्षक म्हणून जेमतेम पाच वर्षं काढली आणि स्वतःच्या इच्छेनं बाहेर पडले. त्यामुळे माझ्याकडे एकच प्रकरण आहे, पण ते अजून मनातून जात नाही. त्याची खबर कुणा खबऱ्यानं दिली नाही. ती या बाईच्या तोंडून, केळीच्या पानावर आली.

तिचा नवरा भाड्यानं गाडी चालवायचा. वीर स्टेशनवर मुंबईकर उतरले की त्यांना पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर पोचवायचं, हे त्याचं काम. चार महिन्यांपूर्वी त्यानं सख्ख्या काका-काकींना गाडीत घेतलं होतं. महाड सोडून पोलादपूरच्या दिशेनं जाताना, दुपारी चारच्या सुमारास, गाडी डावीकडच्या झाडावर आदळली. पुढे बसलेले त्याचे काका जागीच गेले. मागे झोपलेल्या काकी हात मोडून वाचल्या. तोही वाचला. पण गाडी डावीकडे का गेली, हे पाहिलेला माणूस तोच एक.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात त्याचा जबाब घेतला. डोक्याला पट्टी, ओठ सुजलेले, आवाज नळाच्या शेवटच्या धारेसारखा. तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं ते असं: डोळा, आणि लागला.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलायचे, पण लिहायला शिकले ती स्पर्धा परीक्षेच्या वेळी, वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून. 'डोळा लागणे – झोप येणे' हा माझ्या यादीतला होता. तो प्रत्यक्षात कुणाच्या तोंडून येतोय याचा मला, खरं सांगते, आनंद झाला. मी लिहिलं: 'त्यावेळी माझा डोळा लागला.' खाली नेहमीची ओळ घातली, 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' वाचून दाखवला. त्यानं मान हलवली. त्या अवस्थेतल्या माणसानं मी काहीही वाचलं असतं तरी मान हलवली असती.

चालकाचा असा जबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून टिकत नाही. गावात मात्र टिकतो. आठवडाभरात सगळ्या वाडीला माहीत झालं, की पोलिसांच्या कागदात लिहिलंय, पोरगा झोपला. शेजारच्याच घरात राहणाऱ्या काकींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. "मी झोपली ती झोपली. यानं झोपायचा?" एवढंच त्या सगळ्यांना सांगत.

तर केळीचं पान. मी बाहेर आले तोवर बाई गेली होती. "काका, ताटं का काढत नाहीत?" मी हवालदार काकांना विचारलं.

"मी नाय विचारलं, मॅडम. बायकांच्या भांड्यांची चौकशी मी माझ्या घरात पण करत नाय."

पण त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि जीपची किल्ली घेतली. काकांचं हे मला फार आवडायचं. त्यांना वाटायचं की या मुलीला विचारायला लाज वाटते, म्हणून ते माझा अर्धा प्रश्न पूर्ण समजून घ्यायचे.

वाडीवर पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. घरात शिरल्याबरोबर मला मांडणी दिसली. या भागात समोरच्या भिंतीला लाकडी फळ्यांवर तांब्या-पितळेची, स्टीलची भांडी उभी लावतात, आणि ती किती लखलखतात यावर घरातल्या बाईची परीक्षा होते. या घरातली मांडणी वरपासून खालपर्यंत एका जुन्या हिरव्या साडीनं झाकली होती. मला पाणी आलं ते प्लास्टिकच्या मगात.

"झाकलंय का?" मी विचारलं.

बाई हळू आवाजात म्हणाली, "ऊन दारातून आत आला की भांडी चमकतात. चमकला की हा असा करतो." तिनं दोन्ही हात पुढे धरले, स्टिअरिंग धरल्यासारखे. "आणि पाय दाबतो. बघा तिथं."

तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा, त्या जागी शेणानं सारवलेल्या जमिनीत उजव्या पावलाचा खळगा पडला होता. "दर आठवड्याला सारवते, दर आठवड्याला खणतो," ती म्हणाली. "मी म्हणते, गाडी गेली, आता काय घर चालवतोस काय?" ती हसली. त्याच्याकडे बघून हसली, आणि तोही किंचित हसला. चार महिने त्या घरात काय चाललं असेल आणि ते कुणाच्या जिवावर चाललं असेल, ते मला त्या हसण्यावरून कळलं.

वाडीतल्या लोकांनी त्यावर उपाय केले होते. अपघाताच्या जागेवर नारळ ठेवला होता, त्या जागेनं धरलंय म्हणून. तरी त्याला झोप नाही, जेवण नाही, मोठी गाडी गेली की घामाघूम. त्याच्या लहान मुलीनं टाळी वाजवली तरी दचकायचा.

मी त्याच्या शेजारी बसले. हात पुढे केला आणि माझ्या घड्याळाच्या काचेवरची तिरीप भिंतीवर सरकली. त्याचे दोन्ही हात वर आले. उजवा पाय जमिनीत रुतला. ताठ, पूर्ण जोर लावून. मी घड्याळ काढून खिशात टाकलं. त्याचा श्वास परत जागेवर यायला बराच वेळ लागला. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

काका माझ्या मागून हळूच म्हणाले, "मॅडम, झोपलेला माणूस ब्रेक मारतो काय?"

मी वळून पाहिलं.

"पंचनाम्यात टायर घासल्याच्या खुणा हायत. मीच मोजल्या."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही लिहिलंत डोळा लागला. मला वाटलं, त्यानं तसं सांगितलं असंल."

मी परत त्याच्याकडे वळले. "त्या दिवशी डोळा लागला असं तुम्ही म्हणालात. किती वेळ लागला होता?"

"तुमीच लिवलंत ना," तो म्हणाला. "मग लागला असंल."

"माझं सोडा. तुम्हाला काय आठवतं?"

"टँकर आठवतो. समोरून. दुधाचा असतो तसा, आरशावानी. ट्रकला मागं टाकत माझ्या अंगावर आला." तो थांबला. "पण तो झोपंतला असंल. पोलिसांनी लिवलेला खोटा कसा असंल? मी मनाची तशीच समजूत घातली."

"इस्पितळात मला काय सांगितलं होतं तुम्ही?"

तो पुटपुटला.

"परत सांगा," मी म्हणाले. पाच वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी तोवर कुणालाही म्हटले नव्हते. परत सांगा म्हटलं की समोरच्याला कळतं, हिला मराठी कळत नाही.

"डोळ्याला लागला," तो स्पष्ट म्हणाला. "उजेड. डोळ्याला लागला."

एक अक्षर. डोळा नाही, डोळ्याला. सूर्य त्याच्या पाठीमागे होता, टँकर समोरून, उन्हात उजळलेला. त्याला काही दिसलं नाही, त्यानं ब्रेक दाबला, गाडी डावीकडे काढली. ते मी झोप म्हणून लिहिलं, आणि त्या लिहिण्यामुळे आम्ही टँकर शोधलाच नाही.

मी पुरवणी जबाब घेतला. या वेळी प्रत्येक वाक्य त्याच्या शब्दांत, आणि दोनदा विचारून. हमरस्त्यावरच्या एका खानावळीच्या कॅमेऱ्यात त्या दिवसाचं चित्रण मालकानं अपघातामुळे जपून ठेवलं होतं. ट्रकच्या मागे चिकटून, सारखा बाहेर डोकावणारा चकचकीत टँकर त्यात दिसला. तिथून चालकापर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचलो. वरिष्ठांनी कागद वाचले आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी विचारत जा."

जिल्ह्याच्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांकडे त्याला न्यायला बाईला माझी मदत लागली नाही. फक्त जीपनं नको म्हणाली, एसटीनं नेते, खिडकीशी मी बसते. डॉक्टरांनी तिला सांगितलं, ही बाधा नाही आणि वेडही नाही. मोठ्या अपघातानंतर मन त्या क्षणातच अडकून राहतं. हात-पाय बाहेर आले, मन अजून गाडीत आहे. औषधं, बोलणं आणि वेळ. तिनं स्वतःचा उपाय जोडला. साडी एकदम काढली नाही. दर काही दिवसांनी एक भांडं बाहेर. आधी काळवंडलेली पितळी वाटी, मग तांब्या, आणि सगळ्यांत शेवटी ताट. मी नोकरी सोडून गेले तेव्हा साडी खालच्या दोन फळ्यांवर उरली होती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल तर ते शोधाबद्दल नाही. अपघातातून वाचलेला माणूस आपल्याला जे सांगतो ते तुटक असतं, आणि उरलेलं आपण भरतो. ते भरताना आपलीच माहिती, आपलीच यादी वापरतो. आणि तो इतका थकलेला असतो की आपलं भरलेलंच खरं मानून जगायला लागतो.

एक काम मात्र पुरवणी जबाबात बसत नव्हतं. काकींचं घर शेजारीच, मध्ये फक्त कुंपण. टँकर सापडल्यावर आम्ही परत वाडीवर गेलो, तेव्हा काकी अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मोडलेला हात नीट जुळला नव्हता, त्या एकाच हातानं सोलत होत्या. काका चढावर चालता चालता मला म्हणाले, "मी सांगतो त्यांना. 'तपासात निष्पन्न झालं' म्हणतो. तुमचं नाव मध्ये आणायचं कारण नाय."

आमच्या खात्याची भाषा अशी मायाळू आहे. त्यात सगळं निष्पन्न होतं, निदर्शनास येतं, नोंद घेतली जाते. करणारा कुणी नसतो. मला ती भाषा मनापासून आवडायची, कारण तिच्यात माझ्यासारखीला लपायला जागा होती.

कुंपणापलीकडे तो पडवीत उभा होता. बाई त्याच्या बाजूला, हातात सूप.

काका सुरू झाले, "काकी, तपासात असं निष्पन्न—"

"निष्पन्न काय रे?" काकी वालावरून नजर न काढता म्हणाल्या. "माणसासारखा बोल. ह्या बायनंच लिवला ना, झोपला म्हणून?"

मी टोपी काढून हातात घेतली. पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात क्वचितच बोलले असेन.

"काकी, तो झोपला नव्हता. त्यानं मला खरं सांगितलं होतं. मला ते कळलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. खोटं मी लिहिलं."