ओटी कोठे भरावी?

माघ सरत आला असता एका सकाळी आमच्या पुण्याच्या घरापुढे आणखी एक घर येऊन उभे राहिले. त्याला चाके होती. कन्या मेधाने ही ‘कॅम्पर व्हॅन’ भाड्याने आणली होती आणि सारथ्यही तीच करणार होती. सौ. कमलच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. तत्पूर्वी माहेरच्या ग्रामदेवीची ओटी भरून यावी, ही तिची एकच इच्छा होती. पुढे घाट उतरून समुद्र पाहावा, हा मेधाचा हट्ट. निजायला शय्या आणि बसते शौचकूप सोबत असल्यामुळेच हा प्रवास कमलला झेपणार होता. मात्र शौचकूपापासून शेगडी दीड हातावर! देवांचा संपुष्ट (पूजेची डबी) ठेवावा कोठे, या पहिल्याच प्रश्नाने मी गोंधळलो. अखेर सारथ्याच्या डोक्यावरच्या फळीवर देव बसविले आणि त्यांची मनोमन क्षमा मागितली.

कमलचे माहेर गुंजवणी नदीच्या खोऱ्यातले. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि गावकऱ्यांना नसरापूरपासून थोड्या अंतरावरच्या माळावर वसविले. आम्ही प्रथम त्या वसाहतीत गेलो. भर दुपारी सारे शेतावर होते. नव्या देवळात गुरव तेवढे भेटले. देवी म्हणजे मुळात तांदळा (बिनघडीव पाषाण). तो किंचित एका अंगाला कललेला होता, असे कमलला स्मरत होते. येथे त्यावर चांदीचा मुखवटा होता. तो क्षणभर काढता येईल का, असे तिने हळूच विचारले. मुखवटा नवरात्रातच उतरतो, असे सांगून गुरवांनी आपण होऊन देवीच्या स्थलांतराची कथा सांगितली. गाव सोडताना त्यांनी कौल लावला होता. पाषाणाला चिकटविलेली पाकळी उजवीकडे पडली तर देवीची संमती, डावीकडे पडली तर नकार. पाकळी पुन्हा पुन्हा डावीकडेच पडत राहिली.

“शेवटी उजवा दिला,” गुरव म्हणाले. “खुशीनं दिला का आमी दमलो म्हनून दिला, ते तिलाच ठावं.”

ओटीचे सामान काढण्यासाठी पिशवीत गेलेला कमलचा हात तेथेच थांबला.

मूर्ती हलविण्यापूर्वी तिच्यातील चैतन्य कलशात आवाहन करून घ्यावे, असे शास्त्र आहे. तसे केले होते का, असे मी विचारले. पाणी चढत होते, टेम्पो खोळंबला होता, म्हणून देवीला गोणपाटात गुंडाळून नारळ फोडला, इतकेच गुरवांना आठवत होते. ओटी न भरताच आम्ही निघालो.

सायंकाळी गुंजवणे गावाजवळ, जुने गाव बुडाले त्या धरणाच्या काठी पोहोचलो. भाताच्या रित्या खाचरांत शेतकरी राब भाजत होते (रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन जाळत होते). त्या धुरावर राजगड तरंगत असल्यासारखा दिसत होता. पाण्याच्या काठी एक वृद्धा म्हशी परतवीत होती. तिची जमीन उंचावर असल्याने ती गाव सोडून गेली नव्हती. जुन्या देवळाच्या रोखाने ती रोज काठावर दिवा लावते.

“त्येंनी दगुड नेला, बाई,” ती कमलला म्हणाली. “ती कशाला जाईल आमाला टाकून?”

ओटी पाण्यातच सोडावी, असे तिने सुचविले. कमल खण-नारळ हाती घेऊन पाण्यापर्यंत गेली आणि माझ्याकडे वळली. “अहो, तुम्ही सांगा ना. कुठं भरू?”

उभ्या संसारात तिथी-वार, विधि-निषेध तिने मलाच विचारले आणि मीही सांगत आलो. “मला कळत नाही,” मी म्हणालो. तिने खण-नारळ पुन्हा पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी कापूरहोळला कळले की गाडीची घडीची पायरी मिटेनाशी झाली आहे. गॅरेजवाल्याने ती सुतळीने बांधून दिली. म्हणाला, “आजोबा, पायरी घरालाच बरी. गाडीला कशापायी?” भोरला आंबेमोहोराचा मऊ भात जेवून वरंधा घाटाला लागलो. घाटात वळणागणिक पूर्व दिशा या खिडकीतून त्या खिडकीत जाई. पूर्वेकडे तोंड करून मी जपाला बसलो होतो; शेवटी डोळे मिटून घेतले. पिशवीतला नारळ बाहेर येऊन गाडीभर गडगडत होता.

हरिहरेश्वरी समुद्र पाहिला. कमलने लाटांत पाय बुडविले. ओटी येथेच अर्पण करावी का, असे मेधाने विचारले. समुद्राला नमस्कार आहे, पण त्याची-माझी ओळख नाही, असे कमल म्हणाली.

परतताना नसरापूर जवळ आले आणि तिने गाडी वसाहतीकडे घ्यायला सांगितली. देवी तेथेच आहे हे तुला कळले का, असे मी विचारले.

“नाही कळलं,” ती म्हणाली. “पण माझी माणसं तिथं आहेत. माहेरी आई घरात नसली म्हणून कुणी दारातून परत फिरतं का?”

या वेळी बायका शेतावरून परतल्या होत्या. कमलने देवळात देवीची ओटी भरली. तू कुणाची, असे एका वयस्कर बाईने विचारले. वडिलांचे नाव सांगूनही ओळख पटेना, तेव्हा कमल म्हणाली, पाणवठ्याच्या वाटेवर, आंब्याखालचे घर. त्या माळावर ना ती वाट होती, ना तो आंबा. पण बाईंनी लगेच मान डोलावली.

“म्हंजी आमच्याच शेजारची की. बस हितं. माहेरवाशीन रित्या वटीनं जाती व्हय?”

कोणी तांदूळ आणले, कोणी खण, कोणी नारळ. दुखऱ्या गुडघ्यांमुळे कमलला पाटावर बसता येईना, तेव्हा खुर्ची आणली. पदर पसरून ती बसली होती आणि डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. मी दाराबाहेरच होतो. आतून हाक आली, “दाजी, भाईर का हुबं? लाजायचं वय ऱ्हायलंय का आता?”

मी आत गेलो. आवाहनाचा मंत्र ओठांवर आला. परंतु देवी येथे असेल तर आवाहन कशाला, आणि नसेल तर गावाने नेमके कोणासमोर आणून उभे केले मला? मंत्र ओठांवरच राहिला. मी नुसते हात जोडले.

आता आम्ही पुण्यात आहोत. कमल आणि मेधा रुग्णालयात न्यावयाच्या सामानाबद्दल बोलत आहेत. नवरात्राला यायचे, असे त्या बायकांनी निघताना बजावले आहे. देवी माळावर आहे की पाण्याखाली, हे मला अद्याप सांगता येत नाही. पण जावयाला बोलावणे आले आहे, जावे लागेल.