एका गुणासाठी कोल्हापूरला

हा प्रवास चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा माझा ब्लॉग नव्हता, आणि असता तरी लिहायचं धैर्य नव्हतं.

आमच्या संपादकांना देशातल्या टेनिस खेळणाऱ्या मुलींची क्रमवारी आणि कमाई यांवर लेख हवा होता. "प्रगती दिसली पाहिजे," ते म्हणाले. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी जागतिक यादी छापून आणली. आपल्या एक-दोन मुली खरोखर वर सरकत होत्या. बाकीच्या पार खाली, एकमेकींचा पदर धरून उभ्या असाव्यात तशा. अगदी तळाशी एक उमा होती. चौकशी केली तर ही जयसिंगपूरची, आणि पुढच्याच आठवड्यात कोल्हापुरात मुलींच्या एका छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळणार होती. प्रगती नाही तर निदान मिसळ मिळेल, या हिशोबाने मी सोमवारी सकाळी सहाच्या एसटीत बसलो.

तेव्हा महामार्ग रुंद करायचं काम चालू होतं. पुण्याहून निघालेला माणूस कोल्हापुरात उतरेपर्यंत मातकट रंगाचा होई. कऱ्हाडच्या अलीकडे तासभर गाडी हललीच नाही. सात तासांनी पोचलो. स्टँडजवळ एकशे ऐंशी रुपयांत खोली मिळाली, गरम पाणी सकाळी सात ते आठ. मिसळ बारा रुपये. कट मागून घ्यावा, पण दुपारी काम असेल तर मागू नये.

क्लबच्या कोर्टवर उमा सराव करत होती. एकोणीस वर्षांची, सडपातळ, कपाळावर भस्माची पुसट रेघ. बाजूला तिचे वडील, मल्लाप्पा, चेंडू वेचत होते. त्यांचं जयसिंगपुरात बियाण्यांचं दुकान. तिसरे गृहस्थ उंचेपुरे, कान मोडलेले, पांढऱ्या पटक्याचे: उमाचे मामा, शिवाप्पा. सीमेपलीकडच्या गावचे, जुने पैलवान.

"पेपरवालं पावणं काय?" मामांनी माझा हात हातात घेऊन जवळजवळ मोडला. "लिवा की. पर उद्या लिवा. उद्या पोरगी चितपट करतीया बगा."

मल्लाप्पांनी मला सगळं प्रकरण समजावून सांगितलं. यादीत राहायचं तर वर्षभरात निदान तीन स्पर्धांतून गुण मिळालेले असावे लागत. उमाकडे बरोबर तीनच होते, आणि त्यातल्या एकाला वर्ष भरत आलं होतं. तो गळणार. उद्याचा पहिला सामना जिंकली तर नवा गुण मिळून नाव टिकणार, हरली तर यादीतून बाहेर. आणि कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने शब्द दिला होता, यादीत नाव आहे तोवर प्रवासाची तिकिटं माझी.

"आणि नाव गेलं तर?"

"तर दुकानाला माणूस पायजेच हाय," मल्लाप्पा म्हणाले. विनोद केल्यासारखं म्हणाले, पण उमा हसली नाही.

कमाईचं विचारलं. पहिल्या फेरीत हरणारीला जे डॉलर मिळत त्यात परतीचं तिकीट येत नसे. उमा म्हणाली, "सर, कमाईचा रकाना ठेवणारच असाल तर खर्चाचाबी ठेवा. निदान तिथं माझा नंबर वर लागंल."

संध्याकाळी त्यांनी मला एसटीत घालून जयसिंगपूरला नेलंच. "लॉजवर काय भिताडाशी बोलत बसताय?" मामांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. मी मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची स्वप्नं बघत गेलो. घर लिंगायतांचं निघालं. झुणका, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. लाज वाटावी इतकं खाल्लं. उमाची आई वाढता वाढता भावाशी कानडीत बोले, माझ्याकडे वळून मराठीत.

"उद्या तू गप बसायचं," तिने भावाला मराठीतच बजावलं, म्हणजे मी साक्षीदार. "मागल्या खेपंला सांगलीत लई वरडलास."

"अगं, आखाड्याच्या कडंला वस्ताद गप बसतोय व्हय? पोराला डाव कोण सांगायचा?"

मंगळवारी साडेनऊला सामना सुरू झाला. समोर थायलंडची मुलगी, लहानखुरी, कुठलाही चेंडू परत आणणारी. खुर्चीवर पंच एक बाई, टोपी आणि काळा चष्मा. प्रेक्षक चाळीसएक, त्यातले निम्मे मामांच्या तालमीतले. तिथे एक अडचण होती, ती आखाड्याच्या माणसाला पटणं अवघड: टेनिसमध्ये बाहेरून डाव सांगायला बंदी. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक गुण समोरच्याला.

पहिला सेट उमाने घेतला. दुसऱ्यात ती मागे पडली आणि मामांना राहवलं नाही. "डाव्या अंगाला मार की! डावं अंग कच्चं हाय तिचं!"

पंचबाईंनी मान वळवली, थेट मामांकडे पाहिलं आणि ताकीद जाहीर केली. दुसरा सेट गेला.

विश्रांतीत मामा माझ्याकडे सरकले. "पावणं, ह्या बाईस्नी मराठी कळतंय वाटतं?"

"कळतंय तर," मी म्हणालो. "तुम्ही आपलं कानडीत सांगा. पंच बहुतेक मुंबईच्या आहेत, त्यांना काय कळतंय!"

त्या मुंबईच्या आहेत हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. संस्कृत पाठशाळेत दहा वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाची ही खोड. वाक्य जमलं की ते खरं आहे का हे बघायचं राहून जातं. मी चेष्टा केली होती. आखाड्याच्या कडेला कुणी चेष्टा करत नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी गंभीरपणे मान हलवली.

तिसरा सेट. चार-पाच, उमाची सर्व्हिस, तीस-तीस. ती चेंडू आपटत उभी होती. क्लबभर शांतता.

"होडी अव्वा, एडक्क होडी!" डावीकडे मार, बाळा.

पंचबाईंनी एक क्षणही घेतला नाही. दुसरा गुन्हा, एक गुण दंड. तीस-चाळीस. सामना आता एका चेंडूवर.

उमाने मागे वळून पाहिलं नाही. पहिली सर्व्हिस जाळीत. दुसरी रेषेच्या बोटभर बाहेर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशातलं हे होतं का? दंड झाला नसता तर ती जिंकलीच असती, असं कुणी म्हणू शकत नाही. आमच्या पाठशाळेत याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि तो मी त्या दिवसापासून स्वतःला अनेकदा ऐकवला आहे. लागू पडत नाही.

पंचबाई खाली उतरल्यावर मी विचारलं. "माझं माहेर हुबळी," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं हो. पण ऐकून न ऐकल्यासारखं कसं करू?"

मल्लाप्पांनी पिशवी उचलली. "चल, एसटी चुकंल," एवढंच म्हणाले. मेव्हण्याकडे बघितलं नाही. मामा पायरीवर पटका मांडीवर घेऊन बसले होते. तालमीतले एकेक करून निघून गेले. मी मामांजवळ जायला हवं होतं. लॉजची खोली सोडायची वेळ बारा आहे, हे आठवून मी निघालो. बाराला वीस मिनिटं होती की वाजून गेले होते, तेही पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. धूळ तीच.

लेख अजून छापायला गेला नव्हता. दोन सोमवारांनी यादीत उमा नव्हती, तेव्हा तक्त्यातली तळची ओळ मी काढली. संपादक म्हणाले, "बरं झालं, तक्ता कॉलमात बसत नव्हता."

तुम्हाला कोल्हापूरला जायचं असेल, तर जरूर जा. रस्ता आता उत्तम आहे, पाच तासही लागत नाहीत. मिसळ कुठली खावी, हे तिथे कुणालाही विचारा, दोन माणसं भांडतील. माझा हा प्रवास मात्र एवढ्या माहितीने पुरा होत नाही.

वर्षभराने मी जयसिंगपूरच्या घरी फोन केला. उमानेच उचलला. दुकान बघते, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवते, म्हणाली. मी मामांची चौकशी केली.

"मामा येत न्हाईत. जत्रंलाबी आलं न्हाईत. आई बोलत न्हाई त्यांच्याशी. 'एवढं बजावलं तरी वरडलास,' म्हणती."

"ते कानडीचं," मी म्हणालो, "ते मी सुचवलं होतं. चेष्टेत."

"मामांनी कुणालाच सांगितलं न्हाई हे."

"माहीत आहे. म्हणजे, आता कळलं."

"मग मला सांगून काय उपेग, सर? आईला सांगा." आणि तिने फोनपासून तोंड बाजूला करून हाक मारली, "आई, पुण्याचं सर हाईत. तुज्याशी बोलायचं हाय त्यांस्नी."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. आतून कुणीतरी हात पुसत येत असावं. मी फोन ठेवला नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे ते एवढंच.