भावाच्या घरचा बास

माझा नवरा शिनफू चियायी शहरात चष्म्याचं दुकान चालवतो. तसा साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त माझ्या धाकट्या भावाचं, मुकुनचं, काही चांगलं झालं की याला अन्न गोड लागत नाही. मुकुनने सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज वाजवणारा स्पीकरचा डबा, घेतला तेव्हा आम्ही त्याच्याकडे सिनेमा बघायला गेलो. पडद्यावर ढोल वाजला तो थेट छातीत वाजला.

थोड्याच दिवसांत आमच्याकडे त्याहून मोठा सबवूफर आला. ढोल लावला, तर शेजारी कुणी कपाट सरकवतंय असा आवाज.

"मुकुनला विचार की," मी म्हटलं.

"त्याला काय कळतंय? त्याची खोली बरी आहे, एवढंच."

मग स्वतःच मागे लागला. आवाज मोजायचा माइक आणला, आपल्या खुर्चीत डोक्याच्या उंचीवर उभा केला आणि लॅपटॉपमधून खर्जातून वर चढत जाणारा 'घूंऽऽ' सोडला. आलेख उमटला, आवाज फुगला तिथे डोंगर, बुडाला तिथे दरी. डोंगर होते तिथला आवाज तो कमी करत गेला. दरी भरायला गेला तर डबा नुसता कण्हायला लागला. शेवटी सबवूफरच कोपऱ्यातून ओढून भिंतीच्या मधोमध आणला. असे किती रविवार गेले, देव जाणे. सिनेमा लागला की मी आत जाऊन पेरू चिरत बसायचे. त्याला वाटायचं, हिला आवडच नाही.

एकदाची आलेखाची रेघ सपाट झाली. लगेच मुकुनला जेवायला बोलावणं. टर्कीच्या मांसाचा भात धड संपूही न देता त्याला त्या खुर्चीत बसवलं. मुकुनने डोळे मिटून ऐकलं.

"दाजी, हरलो. माझ्याकडे असा वाजत नाही."

शिनफूला इतका खूश मी लग्नातही पाहिला नव्हता.

मग ढोल वाजत असतानाच मुकुन सहज उठून सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला बसला आणि त्याने कानांवर हात ठेवले. "ताई इथेच बसते ना? इथे तर डोकं उठतंय. म्हणून आत पळतेस होय गं?"

शिनफूने माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आलेखात होतास."

मुकुन गेल्यावर तो धुमसत राहिला. "माझी बायको कुठे बसते ते आता यानं मला सांगायचं. मेहुणा आहे का हेर?"

पुढच्या रविवारी माइक माझ्या जागी उभा होता. मग मधल्या जागी, मग त्याच्या. तिन्ही आलेखांची सरासरी काढून त्याने सगळं नव्याने जुळवलं. त्याच्या खुर्चीतली रेघ पुन्हा वाकडी झाली, पण मी आता सिनेमा शेवटपर्यंत बघते.

नववर्षाला मुकुन आला तेव्हा शिनफूने मोठ्या मायेने त्याची खुर्ची मागच्या भिंतीला टेकवून मांडली. आदल्या दिवशी त्याने माइक तिथेही लावला होता, आणि तिथला डोंगर सगळ्यात उंच आलेला मी पाहिला होता. मी पेरूची बशी नेऊन त्याच खुर्चीशेजारी ठेवली.