मास्तरच्या कॉम्प्युटरवरची लाल पाटी

नोकरीत खून पाहिले, चकमकी पाहिल्या. पण आजही मनातून जात नाही ती एका कॉम्प्युटरची आठवण. हसू नका. त्या पेटीपायी एक माणूस जिवानिशी जाता जाता राहिला, आणि त्याला मरणाच्या काठावर मीच नेऊन उभं केलं होतं.

तेव्हा मी कुरखेडा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं ते दिवस. गावात एकच टायपिंग इन्स्टिट्यूट, आणि तिथे एकच इंटरनेटचा कॉम्प्युटर. चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. चाळिशीचा, बायको आणि दोन मुली, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस.

एके सकाळी पोलीस पाटील आला. खुर्चीवर न बसता दाराशीच घुटमळत राहिला, तेव्हाच मी ओळखलं की बातमी बरी नाही. म्हणाला, मास्तरच्या कॉम्प्युटरवर आपोआप इंग्रजीतली लाल पाटी येते. तुमच्यावर पाळत आहे, तुमची सगळी माहिती बाहेर जात आहे, असं तीवर लिहिलेलं असतं. फॉर्म भरायला आलेल्या पोरांनी ती वाचली आणि गावोगाव नेली.

"मास्तरच्या मशीनमंधून आपली नावं ठाण्यात जाऊन राह्यली म्हणते लोकं," तो हळूच म्हणाला.

त्या मुलखात या वाक्याचा अर्थ काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आदल्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या एकाला नक्षलवाद्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून घरातून उचलून नेलं होतं. त्याचं प्रेत रस्त्यावर मिळालं. तो आमचा खबऱ्या नव्हता. मी त्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मला घाई झाली, आणि घाईत पोलीस जे करतो तेच मी केलं. स्टेशन डायरीत नोंद घेतली, दोन पंच बोलावले, पंचनामा करून कॉम्प्युटर ठाण्यात आणला. सोबत मास्तरलाही. मला वाटलं, आत कुणीतरी खरंच काही घुसवलं असणार.

चौकशीला बसवल्यावर मास्तरने पाण्याचा पेला तसाच बाजूला सरकवला. "मी कोनाची खबर देत नाई साहेब. मले दोन पोरी आहेत." एवढंच पुन्हा पुन्हा.

आमच्या वायरलेसवर एक शिपाई होता, त्याला या यंत्रांचा नाद. त्याने ठाण्याच्या फोनची वायर कॉम्प्युटरला जोडली. दोन मिनिटांत पडदा लाल झाला. तुमच्यावर पाळत आहे! हवालदार दोन पावलं मागे सरकला. खोटं कशाला सांगू, मीही सरकलो. शिपायाने मात्र पाटी खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, "साहेब, ही जाहिरात आहे. आधी भीती घालते, मग खाली त्यावरचं औषध विकते."

मग त्याने मास्तरला माझ्यापेक्षा शहाणा प्रश्न विचारला: पाटी यायच्या आदल्या दिवशी काय नवीन टाकलं होतं? मास्तरने मान खाली घातली. बारावीच्या निकालाची गर्दी, लाइन मुंगीच्या पावलाने चाललेली. इंटरनेट वेगात चालवणारा फुकटचा प्रोग्राम दिसला, तो त्याने उतरवून घेतला. मध्ये जे जे विचारलं त्याला न वाचता 'यस' दाबत गेला. न वाचता बटण दाबू नका हे तो पोरांना रोज शिकवायचा, म्हणून सांगायची लाज वाटत होती.

शिपायाने फोनची वायर काढली. प्रोग्रामच्या यादीतून तो फुकटचा आणि त्याच्यासोबत आलेले दोन अनोळखी काढले. एक पुन्हा उगवला, तेव्हा कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरताच सुरू करून त्याला मुळासकट उपटलं. ब्राउझरच्या डोक्यावर बसलेली पट्टी काढली, पहिलं पान जुनं होतं ते परत लावलं. तीन तास गेले. आम्ही सापसाप म्हणून भुई धोपटत होतो!

मला हायसं वाटलं. मास्तरला चहा पाजला आणि दिवसाउजेडी जीपमध्ये पुढे बसवून, कॉम्प्युटरसह घरी पोचवलं. करायला गेलो काय अन् उलटे झाले पाय.

दुसऱ्या दिवशी एकही पोरगं टायपिंगला गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला विहिरीवरच्या बायांनी बोलणं टाकलं. पोलीस पाटलाने मला तोंडावर सुनावलं, "साहेब, ठाण्यात नेलेला मानूस मार न खाता जीपीत बसून येते, तं इथी त्याचा अर्थ एकच होते."

माझी झोप उडाली. आता मी जे करीन त्याने फास आवळलाच जाणार होता. बंदोबस्त दिला तर संशय पक्का, न दिला तर माणूस उघडा.

मार्ग मास्तरनेच काढला. बाजाराच्या दिवशी त्याने कॉम्प्युटर ओसरीवर मांडला, फोनची तार बाहेर ओढली, आणि तोच फुकटचा प्रोग्राम सगळ्यांसमोर पुन्हा टाकला. लाल पाटी आली. माणसं मागे हटली. मी साध्या कपड्यात लांब, मिरचीवाल्याच्या आडोशाला उभा होतो. गर्दीत कोण उभं आहे ते मला माहीत नव्हतं, मास्तरलाही नव्हतं. शिपायाने केलं तसं त्याने एकेक काढून दाखवलं. मग पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं.

एका म्हातारीने विचारलं, "मंग हे पाटी कोनाले पाहून राह्यली होती बाबू?"

"कोनालेच नाई बाई. दुकान लावून बसली होती."

कुणीतरी हसलं. ते हसू ऐकलं आणि मी तिथून निघालो.

संध्याकाळी पोलीस पाटलाकडून मास्तरचा निरोप आला: साहेबाले सांगा, एक उपकार करा, यापुढे मले ओळखू नका. तिथे होतो तोवर मी त्याच्या दारावरून मान न वळवता गेलो.

निवृत्तीनंतर मार्कंड्याच्या देवळाच्या जत्रेत तो दिसला. केस पिकलेले, कडेवर नात. मी हाक मारणार, तोच त्याच्या बायकोने मला ओळखलं आणि त्याचा दंड धरून त्याला गर्दीत ओढून नेलं. मला राग आला नाही. कायदा मी पुस्तकात शिकलो, पण आपली मेहेरबानीसुद्धा कुणाच्या मानेवर सुरी ठेवू शकते, हे मला त्या जीपने शिकवलं. मी देवळाकडे तोंड फिरवून उभा राहिलो, ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत.